सरहद्दीवरील आठवड्याचा बाजार

शहरात राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांस आठवड्याच्या बाजाराची आठवण अलीकडे पुन्हा होऊ लागली आहे. शनिवारची दुपार झाली, की मुलाबाळांसह मोटारीत बसावे, घाटमाथ्यावरील एखाद्या खेड्यात जावे, शेतकऱ्याच्या पाटीतून ताजी भाजी, सीताफळे, हुरड्याची कणसे विकत घ्यावी आणि रविवारी दिवेलागणीस परत यावे, हा एक विरंगुळाच होऊन बसला आहे. या सहलीत गैर असे काहीच नाही. परंतु जी वाट मोटार तासाभरात काटते, तीच वाट शेकडो वर्षे डोंगरातील कुणबी, माळी, भिल्ल आणि कोळी डोक्यावर ओझे घेऊन पायांनी तुडवीत आले, आणि त्यांस ती सहल नव्हती. त्या एका दिवशी मिळालेल्या भावावर पुढचे सात दिवस घरची चूल पेटावयाची. राजेरजवाड्यांच्या लढाया आणि तहनामे बखरींतून व दप्तरांतून जपून ठेविले गेले. बाजाराचा इतिहास मात्र कोणी मुद्दाम लिहून ठेविला नाही. तो वाटांच्या वळणांत, मापांच्या नावांत आणि जकातीच्या शब्दांत शोधावा लागतो. असा शोध घेण्यास मराठवाडा व वऱ्हाड यांच्या सीमेवरील जाफराबाद हे गाव फार सोयीचे आहे.

जाफराबाद हे आजच्या जालना जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठाणे होय. पूर्वी हा सारा भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. गाव केळणा व पूर्णा या दोन नद्यांच्या संगमावर वसले आहे. केळणेस कोणी खेळणा असेही म्हणतात. येथे एक खुलासा करणे इष्ट आहे. पूर्णा नावाच्या दोन नद्या महाराष्ट्रात आहेत. एक वऱ्हाडच्या सखल पयनघाटातून वाहत जाऊन तापीस मिळते. दुसरी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून, सिल्लोड, भोकरदन, जाफराबाद या बाजूने खाली उतरून, अखेर गोदावरीस मिळते; बुलढाण्याकडील लोक हिला खडकपूर्णा म्हणतात. जाफराबादची पूर्णा ती ही दुसरी. उत्तरेस अजिंठ्याची रांग, पूर्वेस बुलढाणा-चिखलीचा बालाघाट, दक्षिणेस जालन्याकडील काळ्या जमिनीचे सपाट रान, अशी या गावाची बैठक आहे. डोंगरात जे पिकते ते मैदानात पिकत नाही आणि मैदानात जे मुबलक असते त्याची डोंगरात वाण असते. अशा दोन मुलखांच्या सांध्यावर, त्यातून दोन नद्यांच्या संगमावर, बाजार भरला नसता तरच नवल!

बाजाराची ही परंपरा मोगलांच्याही फार पूर्वीची आहे. जाफराबादच्या पश्चिमेस केळणेच्याच काठी भोकरदन आहे. त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांस ज्यांनी दाने दिली, त्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे आढळतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येथील माणसे माळव्यापर्यंत जात-येत होती आणि देवाधर्मास देण्याजोगी संपत्ती बाळगून होती. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या वतीने भोकरदन येथे उत्खनन झाले. तेव्हा निघालेल्या वस्तूंत हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्ती होती, आणि तिचे साम्य इटलीतील पाँपेई नगरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी असल्याचे विद्वानांनी दाखवून दिले. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, हे सर्वांस ठाऊक आहेच. उज्जयिनीहून निघालेला सार्थवाह नर्मदा व तापी ओलांडून अजिंठ्याच्या घाटाने वर चढे, भोगवर्धनास विसावा घेई आणि मग प्रतिष्ठानाकडे, म्हणजे पैठणाकडे, वळे. मोठा व्यापार हा असा राजमार्गाने चाले. पण सार्थवाहाच्या बैलांस वैरण, माणसांस पीठ आणि भाजीपाला पुरविणारा लहान बाजार त्या राजमार्गाच्या कडेस असल्यावाचून हे चालणे शक्यच नव्हते. हस्तिदंताची मूर्ती दोन हजार वर्षे टिकली, त्याच बाजारातील मेथीची जुडी टिकली नाही, एवढाच काय तो भेद.

जाफराबाद त्यामानाने अर्वाचीन. औरंगजेबाच्या पदरच्या जाफरखान नामक सरदाराकडे हे नगर वसविण्याचे काम होते आणि त्याच्या नावावरून गावास नाव मिळाले, असे गॅझेटियरात नमूद आहे. त्याचबरोबर येथील दगडी गढीतील फारसी शिलालेखात ती गढी शहाजहान बादशहाच्या आज्ञेने बांधली गेल्याचा उल्लेख सांगतात. या दोन गोष्टींत वरवर विरोध दिसतो. परंतु गढी आधी व पेठ मागाहून, असा क्रम धरला म्हणजे तो राहत नाही. दक्षिणेत पुष्कळ गावांचे असेच झालेले आहे. प्रथम शिबंदीसाठी गढी उठते. शिबंदीस धान्य, तेल, कापड लागते, म्हणून वाणी व तेली येतात. मग सरदार कौल देऊन पेठ वसवितो, पहिली काही वर्षे कर माफ करतो, आणि आसपासच्या खेड्यांस अमुक वारी येथे माल आणावा अशी ताकीद होते. नगराच्या तटात जंग्या ठेवल्या जात तशाच वेशीजवळ बाजाराची मोकळी जागाही ठेवली जाई. तट पडला तरी ती जागा राहते.

अशा पेठेचा कारभार पाहणारे दोन वतनदार असत, शेटे आणि महाजन. गावात पाटील-कुळकर्ण्याचे जे स्थान, तेच पेठेत या दोघांचे. नव्या दुकानदारास जागा नेमून देणे, तंटे तोडणे, मापे तपासणे, सरकारचा वसूल गोळा करून देणे, ही त्यांची कामे. आणि मोबदला म्हणून बाजारास येणाऱ्या प्रत्येक मालातून ठरीव हक्क, म्हणजे धान्याची ओंजळ, भाजीची जुडी, तेलाची पळी. याखेरीज जकात होती. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, आणि मधल्या वाटेवर राहदारी, अशी तिची मराठी अंमलातील नावे. नावांवरूनच कळून येते, की मालाने हलता कामा नये आणि हलला तर प्रत्येक पावलागणिक काही ठेवून जावे, अशी ती योजना होती. डोंगरातून मधाचे पोळे, डिंक, चारोळी किंवा बांबू घेऊन येणाऱ्या माणसाजवळ रोकड कोठली? तो मालातूनच देई. शेटे झाला, महाजन झाला, वेशीवरचा राखणदार झाला, फकीर-गोसावी झाला. शेवटी त्याच्या पाटीत जे उरे त्याचा सौदा. अहमदनगराकडील त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहिले, त्यात कुणब्याच्या राशीवर किती हात पडतात त्याचे विस्ताराने वर्णन आहे. बाजारातील पाटीची गोष्ट राशीपेक्षा निराळी नव्हती.

बाजार आठवड्यातून एकदाच का, आणि एका गावास एक वार तर शेजारच्या गावास दुसरा का, हे शहरातील मुलांस सांगावे लागते. सामान भरलेली बैलगाडी कच्च्या रस्त्याने दिवसाकाठी सहा-सात कोस जाते. डोक्यावर ओझे घेतलेला मनुष्य सकाळी निघून, माल विकून, रात्रीपर्यंत घरी परतावयाचा, तर बाजार तीन-चार कोसांच्या आत हवा. म्हणून एवढ्या एवढ्या अंतरावर एकेक बाजारगाव, आणि फिरत्या व्यापाऱ्यांस सर्व गाठता यावीत म्हणून प्रत्येकाचा वार वेगळा. ही काही केवळ आपल्याकडचीच रीत नव्हे. इंग्लंडात तेराव्या शतकातील ब्रॅक्टन नामक कायदेपंडिताने असा दंडक सांगितला आहे, की एका बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत दुसरा बाजार नसावा. त्याचे गणित असे : एका दिवसाची चाल वीस मैल, तिचा एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश खरेदी-विक्रीस, आणि एक तृतीयांश परतण्यास. ब्रॅक्टनने केळणाकाठ पाहिला नव्हता व केळणाकाठच्या कुणब्याने ब्रॅक्टन वाचला नव्हता. दोघांचे पाय मात्र सारखेच होते. डोंगरातील माणसास मात्र हा हिशेब लागू पडत नसे. त्याची वाट लांबची, म्हणून तो आदल्या रात्रीच निघे. चार-सहा जणांची सोबत, कंदील किंवा पलिते, फडक्यात बांधलेली भाकरी व मिरचीचा ठेचा, आणि पहाटे बाजाराच्या गावाबाहेर नदीच्या वाळवंटात मुक्काम. उजाडताच खरा सौदा सुरू होई, कारण परत जाण्याची घाई कोणाला आहे हे शहाण्या वाण्यास चेहऱ्यावरून कळे.

माल मोजण्याची रीतही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. धान्य तोलीत नसत, मापीत. चिपटे, मापटे, शेर, पायली, आणि पुढे मण, खंडी, अशी चढती मापे. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हे कोष्टक जुन्या अंकलिपीत प्रत्येक मुलाने घोकलेले असे. परंतु कोष्टक सगळीकडे एक असले तरी शेर सगळीकडे एक नसे. या पेठेचा शेर मोठा, त्या पेठेचा लहान. घेण्याचे माप शीगभर, देण्याचे सपाट. मापाऱ्याने पहिले माप टाकताना ‘एक’ म्हणावयाचे नाही, ‘लाभ’ म्हणावयाचे, हा संकेत महाराष्ट्रभर होता व खेड्यापाड्यांत अजूनही आहे. शब्द मोठा सुंदर आहे. पण लाभ कोणाचा, हे ज्याच्या हातात माप त्याच्यावर अवलंबून असे, आणि माप क्वचितच शेतकऱ्याच्या हातात असे. या सगळ्या इतिहासातील कळीचा प्रश्न हाच होय, आणि तो भोगवर्धनाच्या काळापासून आजतागायत सुटता सुटलेला नाही.

१८०३ साली या शांत बाजारवाटांवर एकाएकी मोठे वादळ आले. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या मुलखात उतरल्या आणि भोकरदन व जाफराबाद यांच्या दरम्यान त्यांचा तळ पडला. २१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे जनरल आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेस एकदम हल्ला करावा, असा बेत ठरला. परंतु २३ तारखेच्या दुपारी नळणीजवळ पोचल्यावर वेलस्लीस समजले, की मराठ्यांची फौज अपेक्षेपेक्षा फारच जवळ, केळणेच्या पलीकडे उभी आहे. त्याच्याजवळ स्वतःच्या पलटणींचे साडेचार हजारांच्या आसपास लोक, शिवाय म्हैसूरकर व मराठे घोडेस्वार, आणि सतरा तोफा. समोर पोलमन या जर्मनाच्या हाताखालची कवायती पायदळाची कंपू, शंभराच्या घरात तोफा आणि अफाट घोडदळ. नदी दोहो बाजूंनी खोल व दरडी उंच; समोरचा उतार तोफांच्या तोंडाखाली. वाटाड्यांनी सांगितले की याखेरीज दुसरा उतार नाही.

येथे जी गोष्ट घडली तिचा बाजाराच्या इतिहासाशी फार निकटचा संबंध आहे. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा पूर्वेकडे नदीच्या अलीकडच्या काठी पिंपळगाव आणि बरोबर त्याच्या समोर पलीकडच्या काठी वरूड अशी दोन खेडी त्यास दिसली. त्याने तर्क केला, की दोन खेडी अशी समोरासमोर वसलेली आहेत त्याअर्थी तेथील लोकांची एकमेकांकडे ये-जा असलीच पाहिजे, आणि ये-जा असेल तर उतार असलाच पाहिजे. शोध केला तेव्हा उतार खरोखरच निघाला. त्या उताराने इंग्रज फौज केळणा व जुई या दोन नद्यांमधील चिंचोळ्या जागेत शिरली आणि असईची लढाई झाली. बाजूस सुरक्षित असलेला पक्ष उघडा पडला असे पाहून पोलमनने आपली फळी चपळाईने फिरविली व तोफांचा असा मारा केला, की विजयी इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ लोक कामास आले. मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. पुढे १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनास जिंकणारा वेलिंग्टन तो हाच. लढाईच्या वर्णनांत त्याच्या बुद्धिमत्तेची वाखाणणी होते आणि ती योग्यच आहे. मात्र तो उतार त्याने निर्माण केला नव्हता. पिंपळगावच्या व वरूडच्या माणसांनी, मुलींच्या लग्नांसाठी, गुरांच्या पाण्यासाठी आणि बाजारासाठी पिढ्यान् पिढ्या पाय टाकून तो घडविला होता. या लढाईच्या कोणत्याही स्मारकावर त्यांचे नाव नाही.

लढाई एका दुपारीच संपली. तिचा परिणाम बाजारावर कितीतरी दिवस राहिला. दोन्हीकडच्या फौजांस धान्य पुरविण्याचे काम लमाण बंजाऱ्यांचे होते. त्यांचा तांडा म्हणजे हजारो बैलांचे चालते कोठार. मीठ समुद्रकाठाहून वर आणावे व धान्य खाली न्यावे, हा त्यांचा शांततेच्या काळातील धंदा. युद्ध सुरू होताच तांडे फौजांच्या मागे लागले आणि खेड्यांतील बाजार ओस पडला. फौजांनी उभी पिके चारली. त्यातच १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. लुटीने व युद्धाने जेथे पेरणीच नीट झाली नाही, तेथे पाऊस थोडा कमी पडला तरी पुरे, असा तो प्रकार होता.

डिसेंबर १८०३ मध्ये देवगाव व सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले. भोसल्यांकडील वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड आणि शिंद्यांकडील अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा बहुतेक मुलूख त्यांच्या हातून गेला, आणि जालना-जाफराबादच्या बाजूस व वऱ्हाडात निजामाचा अंमल पक्का झाला. सामान्य रयतेस त्याचे सुख फारसे लाभले असे नाही, पण बालाघाट आणि केळणाकाठ निदान एका धन्याखाली होते. ते पन्नास वर्षांनी संपले. निजामाच्या नावाने ठेविलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली, म्हणून १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ साली सालिना पंचवीस लक्ष रुपये घेऊन ते कायमचेच पट्ट्याने देण्यात आले आणि १९०३ पासून मध्यप्रांतास जोडले गेले. नकाशावर एक रेघ ओढली गेली. जाफराबाद रेघेच्या अलीकडे राहिले. चिखली, बुलढाणा, देऊळगाव राजा पलीकडे गेली. ज्यांचे सोयरे, देव आणि बाजार एक होते अशा गावांच्या मधून ही रेघ गेली होती.

या रेघेचा अर्थ जाफराबादेस बाजाराच्या दिवशी कळे. निजामाच्या राज्यातील जकातीच्या खात्यास करोडगिरी असे नाव होते. सर सालारजंग यांनी राज्याच्या आतील वाटेवरची नाकी उठविली, हे त्यांचे मोठेच उपकार होत. पण सरहद्दीवरची नाकी राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर सर्वसाधारणपणे शेकडा पाच प्रमाणे कर बसे. पाच टक्के ही काही मोठी रक्कम नव्हे असे कागदावर वाटते. पण डोक्यावरच्या पाटीची किंमत कोण ठरविणार? नाक्यावरचा शिपाई. तो ठरवीपर्यंत ऊन चढले, भाजी सुकली, भाव गेला. म्हणून कित्येक जण रात्री आडवाटेने ओढ्यानाल्यांतून माल नेत, आणि घरचे चार शेर तीळ शेजारच्या गावी नेणारा साधा शेतकरी सरकारच्या दृष्टीने चोर ठरे.

दुसरी अडचण नाण्याची. निजामाचा रुपया तो हाली सिक्का आणि इंग्रजांचा तो कलदार. सुमारे सात हाली रुपयांस सहा कलदार मिळत. चिखलीकडचा माणूस कलदार घेऊन येई, जाफराबादकडच्यास सारा हालीत भरावयाचा असे. मधे सराफ बसून दोघांकडूनही बट्टा काढी. शाळेत त्रैराशिक शिकलेल्या मुलासही हा हिशेब चटकन् साधत नाही. निरक्षर माळणीने तो तोंडी करावा, ही अपेक्षाच अन्यायाची होती. तरी ती करीत असे, हेही खरे.

याच सुमारास कापसाने सगळ्या व्यवहाराचे रूप पालटले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस अडला, म्हणून मँचेस्टरचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. खामगाव ही कापसाची मोठी पेठ झाली आणि १८७० साली तेथवर आगगाडीचा फाटा आला. इकडे १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून गेली व जालन्यास जिनिंगचे कारखाने निघाले. जाफराबादेस लोहमार्ग आला नाही. आगगाडी आली म्हणून गावे भरभराटली, असे इतिहासाच्या पुस्तकांत नेहमी लिहिलेले असते. ज्या गावांस आगगाडीने वगळले त्यांच्याविषयी ती पुस्तके गप्प असतात. बंजाऱ्यांचे तांडे मोडले, घाटातील वाटा निर्जन झाल्या, आणि लांबचा व्यापार जालना-खामगावकडे ओढला गेला. जाफराबादेस उरला तो आठवड्याचा बाजार. मोठा व्यापार गेला म्हणून लहान बाजार मेला नाही, उलट तोच गावाचा मुख्य आधार झाला.

वऱ्हाडच्या कापूसपेठांत आणखी एक गोष्ट घडली, तिचा मान हिंदुस्थानच्या इतिहासात वऱ्हाडकडेच जातो. कापसाचा सौदा दलाल व खरेदीदार हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटे दाबून करीत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा. त्यास भाव कळे तो सौदा झाल्यावर. मग आडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, आणि वजनातील कडता, असे एकामागून एक कापले जाई. यास आळा घालण्यासाठी १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकुमाने कारंजा येथे पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा हा पहिला कायदा. त्यात मोठे न्यून असे, की बाजाराच्या मंडळांत व्यापाऱ्यांचे प्राबल्य राहिले, शेतकऱ्याचा आवाज जवळजवळ नव्हता. १९२८ साली शेतकी कमिशनने नियंत्रित बाजारांची जोरदार शिफारस केली. १९३० मध्ये हैदराबाद संस्थानानेही आपला कायदा केला. पण हे कायदे कापूस, तेलबिया, धान्य यांच्या मोठ्या आडत्यासाठी होते. वाळवंटात पाटी मांडून बसलेल्या माळणीपर्यंत त्यांपैकी एकही पोचला नाही.

१९४७-४८ चे वर्ष सरहद्दीवरील गावांस कसोटीचे गेले. देश स्वतंत्र झाला, निजामाने सामील होण्याचे नाकारले, रझाकारांचा जुलूम वाढला. वऱ्हाडच्या हद्दीत कार्यकर्त्यांचे तळ पडले आणि ठिकठिकाणची करोडगिरीची नाकी हल्ल्यांचे मुख्य लक्ष्य ठरली. परकीयास हे विचित्र वाटेल. किल्ला नव्हे, खजिना नव्हे, एक साधी जकातीची चौकी! पण ज्याने त्या चौकीपुढे उन्हात तास घालविले होते त्यास ती राज्याची सर्वात जवळची व सर्वात कडू खूण होती. त्याच वेळी भारत सरकारने संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केल्यामुळे बाजारात टंचाई झाली, तिची झळ शत्रू-मित्र न पाहता सर्वांस लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले. तरी रेघ एका दिवसात पुसली नाही. हाली रुपया भारतीय रुपयाबरोबर काही वर्षे चालत राहिला व १९५९ साली तो सर्वस्वी रद्द झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ हे दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा १८५३ नंतर एकशेतीन वर्षांनी जाफराबाद व चिखली पुन्हा एका राज्यात नांदू लागली. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला व पायली-शेराचा कायदेशीर अधिकार संपला. बोलण्यातून मात्र तो संपला नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ साली कृषि उत्पन्न बाजाराचा कायदा झाला, तालुक्या-तालुक्यांत बाजारसमित्या निघाल्या, उघड लिलाव आला, रुमालाखालचा हात बाहेर आला. ही सुधारणा लहान नव्हे. पण ज्या आडत्यास आवरण्यासाठी समिती, त्याच आडत्याचा परवाना समितीच्या आवारात पक्का झाला, अशीही तक्रार कालांतराने होऊ लागली. अन्य देशांतही शेतकरी व गिऱ्हाईक यांच्यात असेच अंतर पडले होते. न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली आणि इंग्लंडातील बाथ शहरी १९९७ साली उत्पादकांनी स्वतः येऊन विकण्याचे बाजार पुन्हा सुरू झाले. आपल्याकडे पंजाबात १९८७ साली अपनी मंडी निघाली, आंध्रात १९९९ साली रयतु बाजार. महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला यांवरील बाजारसमितीचे बंधन सैल करण्यात आले आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजाराची योजना आली. शहरातील गृहिणीस हा नवा शोध वाटला. जाफराबादच्या माळणीस त्यात नवे काय ते कळले नसावे. फरक इतकाच, की यावेळी बाजार शहराच्या दारी गेला होता.

आज केळणा-पूर्णेच्या या खोऱ्यात जुन्या पिकांच्या जोडीस नवी पिके आली आहेत. देऊळगाव राजा व जाफराबाद या बाजूस पांढऱ्या जाळ्यांखाली भाजीपाल्याचे बियाणे तयार होते व जालन्याच्या बियाणे कंपन्या ते घेतात. तेथे भाव पेरणीपूर्वीच करारात ठरलेला असतो आणि बाजाराच्या दिवसाशी त्याचा संबंध उरत नाही. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो, तेथून मालमोटारी परप्रांती जातात. मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आलेली. पण या मुलखाने ती अशी आपलीशी केली आहे, की ठेच्यावाचून बाजाराची भाकरी कोणास सुचत नाही. भाव चढला तर गाडीचे भाडे निघून चार पैसे उरतात. पडला तर तोडणीची मजुरीही निघत नाही आणि पीक झाडावरच सोडावे लागते. तो भाव आता नाक्यावरचा शिपाई ठरवीत नाही, शेटे-महाजनही ठरवीत नाहीत. दूरच्या शहरी किती माल उतरला यावरून तो ठरतो, आणि तो आकडा तोडणी झाल्यावरच हाती येतो.

आणि तरीही आठवड्याचा बाजार भरतो. जुन्या सरहद्दीपलीकडील खेड्यांतून माणसे पहाटे निघतात, आता बैलगाडीऐवजी जीपगाडीत व टेंपोत दाटीने बसून. जेथे कर घेणारी नाकी उभी असत, त्या ठिकाणी गाडी थांबत नाही. ती जागा कोणती हे सांगू शकणारी म्हातारी माणसे गावोगाव आता फार थोडी उरली आहेत.